समझोत्याची ओटी

"अगं, तू नको. तू कशी ओटी भरशील?"

माझी दोन बोटं कुंकवाच्या करंड्यात होती. समोर खुर्चीवर दीपाली पदर पसरून बसलेली, मान खाली. तिच्या शेजारी तिचा नवरा, नव्या शर्टात. पलीकडे सासू. दारात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. आणि मी, सत्तेचाळीस वर्षांची, नऊ वर्षं याच समुपदेशन केंद्रात काम केलेली बाई, बोटं करंड्यात तशीच ठेवून थांबले.

अध्यक्ष मॅडम ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नाहीत. गॅसजवळ गेलेल्या लेकराला बाजूला करावं तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बाजूला केलं.

"एवढं समजायला पाहिजे तुला. शुभ काम आहे. सवाष्ण बघा कोणी."

ताट मीच मांडलं होतं. नारळ मी आणला होता, सोलून शेंडी ठेवून. खण माझ्या पसंतीचा, हिरवा. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, सगळं मी. ते चाललं. बाजारातून आणायला, ताटात मांडायला माझे हात चालत होते. कुंकवाला चालत नव्हते.

ओटीची ही पद्धत मॅडमनीच सुरू केली होती. आमचं केंद्र वर्ध्यात, बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, दुकानांच्या वर दोन खोल्यांचं. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात गेली की तिथले लोक म्हणायचे, आधी केंद्रात जाऊन बसा, जमतंय का पाहा. ती आमच्याकडे यायची. तीन बैठका व्हायच्या. तिसऱ्या बैठकीला समझोत्याचा कागद, आणि कागदावर सह्या झाल्या की ओटी. "केंद्र म्हणजे तुझं माहेर," असं मॅडम म्हणायच्या आणि बायका रडायच्या. फोटो भिंतीवर लागायचा. बाहेरून बघायला येणाऱ्या साहेबांना ती भिंत फार आवडायची. खरं सांगायचं तर मलाही आवडायची.

एरवी ओटी मॅडम स्वतः भरत. त्या दिवशी त्यांना सुतक होतं, दिराच्या घरात कोणी गेलं होतं. फोटोला मात्र सुतक आड येत नव्हतं. टायपिस्ट बाई रजेवर. राहिले मी. आणि मी नवरा सोडलेली.

नीट सांगते. नवऱ्यानं मला सोडलं नाही, मी त्याला सोडलं. देवळी तालुक्यात आमची शेती, माहेर खाऊनपिऊन बरं. सासरी तो मला रात्रभर घराबाहेर काढून कडी लावायचा. चौथ्या वर्षी मी सकाळी कडी उघडायची वाट न बघता बस धरली. पुढे शिकले, नोकरी केली. भावाच्या घरी हळदीकुंकू असलं की वहिनी मला स्वयंपाकघरातलं काम सांगायची. लग्नात मी मागच्या रांगेत उभी राहायची. कोणी काही बोलायचं नाही, मीच जागा ओळखून उभी राहायची. याला मी अपमान म्हणत नव्हते. सवय म्हणत होते.

त्या दिवशी मॅडमनी खिडकीतून खाली हाक मारली. खाली पुष्पाबाईची चहाची टपरी. ती ग्लास विसळता विसळता वर आली, पदराला हात पुसत.

"काय वं, चहा पाह्यजे का? किती कप?"

"चहा नको. ओटी भर हिची," मॅडम म्हणाल्या.

पुष्पाबाई माझ्याकडे बघायला लागली. तिचा खालचा ओठ सुजलेला होता. तो नवऱ्यानं सुजवला हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आठवड्यातून एकदा तरी ती तशी यायची. मी तिला वर ये, कागद करू, असं दोनदा सांगितलं होतं. ती हसून टाळायची.

आताही हसली. "घ्या. माहा बुढा आज पहिल्यांदा कामाले आला बाप्पा."

सासू हसली. फोटोग्राफर हसला. पुष्पाबाईनं ओल्या बोटांनी दीपालीला कुंकू लावलं, पदरात नारळ घातला. फोटो निघाला. त्यात मी नाही. मी चौकटीच्या बाहेर ताट धरून उभी आहे.

दीपाली हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, सगळा वेळ.

नंतर जिना उतरताना ती मागे राहिली. नवरा आणि सासू खाली ऑटोजवळ गेले होते. पदरातल्या नारळाला हात लावून ती हळू म्हणाली, "ताई, तुमी एवढ्या शिकल्या. नोकरीवर हाये. तुमाले बी हात लावू देत नाई. मंग मी तं गेलेलीच बरी न?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सांभाळून राह्यजो."

एवढंच.

अपमान माझा झाला, असं मी बरेच दिवस धरून चालले. घरी आल्यावर करंड्यातली बोटं साबणानं धुतली, तरी नखात लाल राहिलं. मॅडमना काय काय सुनवायला हवं होतं याची वाक्यं मी भाकरी थापताना जुळवत बसले. दुसऱ्या दिवशी दहाला कामावर हजर झाले. मॅडम म्हणाल्या, "मनाला लावून घेतलं नाहीस ना? रीत असते गं." मी म्हणाले, "नाही, मॅडम."

ती सगळी शिक्षा माझ्यासाठी नव्हती, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. त्या खोलीत खुर्चीवर एक बाई बसली होती, आणि नवरा सोडला की बाईचं काय होतं ते आम्ही तिला करून दाखवलं होतं. फुकट. फोटोसकट.

दीपाली सिंदी रेल्वे गावची. नाचणगावला दिलेली. तेव्हा सव्वीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची मुलगी. पहिल्या बैठकीला आईसोबत आली, काही बोललीच नाही. दुसऱ्या बैठकीला एकटी आली. मी पंखा बंद केला, कारण ती फार हळू बोलत होती.

"डाव्या हातानं मारते तो, ताई. कानावरच. येक सारखं. आता कानात शिट्टी वाजून राह्यली. थांबतच नाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. झोपली तरी वाजते."

आमच्या फायलीत एक रकाना होता, तक्रारीचं स्वरूप. तिथे काय लिहायचं याची मॅडमची शिस्त होती. मारहाण असं लिहिलं की प्रकरण वर जातं, चौकशी येते, समझोत्याला अडचण होते. म्हणून मी लिहिलं, पती-पत्नीमधील गैरसमज. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळायचं. त्या चांगल्या अक्षरात मी शिट्टी लिहिली नाही, कान लिहिला नाही, डावा हात लिहिला नाही.

तिसऱ्या बैठकीचा कागद मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवला होता. नेहमीचा मजकूर. वेळ वाचायचा. "मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय नांदावयास जात आहे." दीपालीनं तोंड उघडण्याआधी ते वाक्य टेबलावर होतं. तिनं वाचलंही नाही. मी बोट ठेवलं तिथे सही केली.

त्यानंतर तिचं काही कळलं नाही. आम्ही मागोवा घेत नव्हतो. फायलीवर "समझोता" असा शिक्का पडला की फाईल कपाटात जायची. मी मात्र झोपायला टेकले की कान द्यायची. कशाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. घरात काही वाजत नसायचं, तरी मी ऐकत राहायची.

दीड वर्षानं कोर्टाचं समन्स आलं. माझ्या नावानं.

दीपालीनं घरगुती हिंसाचाराचा अर्ज केला होता. आमच्याकडे आली नव्हती, सरळ संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली होती. तिचा डावा कान पूर्ण गेला होता. तिला नवऱ्यापासून संरक्षण हवं होतं आणि मुलगी हवी होती. पोरगी त्यानं नाचणगावला ठेवून घेतली होती. आणि मला साक्षीला बोलावलं होतं ते तिनं नाही. तिच्या नवऱ्यानं.

त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. मारहाण होती तर केंद्राच्या कागदावर गैरसमज कसा? दबाव होता तर स्वखुशी कशी? ओटी भरून घेतानाचा फोटो आहे. छापून आलेला आहे, वर मथळा आहे, "विस्कटलेला संसार पुन्हा जुळला." कागद लिहिणारी बाई जिवंत आहे. तिला विचारा.

मार खाल्लेल्या बायकांच्या मदतीसाठी पगार घेणारी बाई मी. मारणाऱ्याची साक्षीदार झाले होते.

मॅडमनी संध्याकाळी घरी बोलावलं. सिव्हिल लाइनला बंगला, पुढे व्हरांडा, झोपाळा. त्या झोपाळ्यावर बसल्या. मी वेताच्या मोढ्यावर.

"घाबरू नकोस. कागदावर आहे तेच सांगायचं. अक्षर माझं, सही तिची, म्हणायचं. संपलं."

"मॅडम, ती कानाचं बोलली होती मला."

"लिहिलंयस का कुठे?"

"नाही."

"मग बोलली नाही ती." झोपाळा थांबला नाही. "हे बघ, यंदा केंद्राची मंजुरी पुन्हा व्हायची आहे. तू कोर्टात काहीतरी भलतं बोलशील आणि उद्या सगळ्या फायली उघडतील. किती संसार उभे केलेत आपण. ते सगळे खोटे म्हणणार आहेस का?"

त्यांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला.

"आणि एक विसरू नकोस. तू आलीस तेव्हा तुला कोण ठेवून घेत होतं? नवरा टाकलेल्या बाईला कोण समुपदेशक करतं? लोक हसले होते मला."

दहा वर्षांपूर्वी असं कोणी बोललं असतं तर मी मान खाली घातली असती. त्या दिवशीही घालणार होते. सवयीनं मान निम्मी खाली गेलीसुद्धा. आणि मग मला ती जिन्यात दिसली, पदरातल्या नारळाला हात लावलेली. मंग मी तं गेलेलीच बरी न. तिला मी उत्तर दिलं नव्हतं. मॅडमनी माझं मनगट धरलं तेव्हा मी हात सोडवून घेतला असता, नुसतं "मी भरणार" म्हणाले असते, नाहीतर ताट खाली ठेवून बाहेर गेले असते, तर त्या पोरीला दुसरं काही दिसलं असतं. एवढीच जागा होती माझ्याकडे. मी ती ताट धरण्यात घालवली.

मी उठले. "मॅडम, ती बोलली होती. लिहिलं नाही, ते मी लिहिलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तेच सांगणार."

त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "मग केंद्रात येऊ नकोस पुन्हा."

मी चपला घातल्या. फाटकाची कडी नीट लागत नव्हती, ती दोनदा ओढून लावली आणि निघाले.

तारखेला मी साडेदहालाच कोर्टात पोचले. व्हरांड्यात बाकावर दीपाली आईसोबत बसली होती. खूप वाळलेली. आई काही सांगत होती आणि दीपाली दर वेळी मान वळवून उजवा कान तिच्याकडे करत होती. ती मान वळवणं मी पाहिलं. तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. कोणी मला हळू आवाजात काही सांगायला लागलं की आजही ती मान वळताना दिसते.

दीपालीनं मला पाहिलं. ओळखलं. नजर काढून घेतली. आई मात्र उठून जवळ आली. "आल्या का? त्याच्याकून आल्या न? याच, याच. पोरीले एकदा तुमीच पाठोलं, आता पुरं करा."

सांगून काय, तिनं विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं.

वकील तरुण होता, नम्र. आधी मला कागद दाखवला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"इथे स्वखुशीने असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"म्हणजे अर्जदार स्वखुशीनं नांदायला गेली."

"नाही."

तो फाईल चाळत होता, थांबला. "तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलंय. ती यायच्या आदल्या दिवशी लिहिलंय. ती काय म्हणाली ते त्यात नाही. ती म्हणाली होती, तो डाव्या हातानं कानावर मारतो. कानात शिट्टी वाजते, झोपेतही थांबत नाही. दिवाळीपासून. ते मी लिहिलं नाही. मारहाण लिहायची नाही अशी आमच्याकडे शिस्त होती आणि मी ती पाळली."

"मॅडम, तुम्ही आता हे…"

"फोटोचंही विचारा. ती खुशीनं बसली नव्हती. तिचा फोटो छापायला तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही."

वकिलानं न्यायाधीशांना सांगितलं, साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासणीची परवानगी द्या. मिळाली. मग त्यानं मला खूप विचारलं. तुम्ही स्वतः नवऱ्यापासून वेगळ्या राहता ना? हो. केंद्रातून तुम्हाला काढलंय ना, म्हणून हा राग आहे ना? काढलंय, ते हे सांगणार म्हटल्यामुळे काढलंय. तुमच्याकडे लेखी पुरावा काय? काही नाही. म्हणजे तुम्ही खोटा कागद बनवता, हे कबूल? हे विचारताना त्याला वाटलं मी अडखळेन.

"कबूल," मी म्हणाले. "त्या कपाटातले बरेच कागद असेच आहेत. माझ्या अक्षरातले."

लिहिणाऱ्या कारकुनानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "सावकाश बोला. जसंच्या तसं नोंदवायचं आहे." माझं वाक्य कोणीतरी जसंच्या तसं लिहीत होतं. बरं वाटलं नाही. लाज वाटली, की हे एवढं सोपं काम होतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, दीपाली काहीतरी म्हणेल. माणूस आहे, वाटतं. ती समोर आली. उजवा कान माझ्याकडे नव्हता, तोंड होतं.

"ताई, तवाच लिहाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

"हो."

"तवा माहा कान होता."

ती गेली. मी तिला थांबवलं नाही. माफी मागायची तयारी करून गेले होते, ती तशीच घेऊन परत आले. तिच्यावर ते ओझं कशाला टाकायचं.

दोन महिन्यांनी अंतरिम आदेश झाला. त्यानं तिच्या जवळपास फिरकायचं नाही. मुलगी आईकडे. मूळ प्रकरण चालू आहे, तारखा पडतात. मुलीला आणायला नाचणगावला संरक्षण अधिकाऱ्याची गाडी गेली होती, हे मला पुष्पाबाईनं सांगितलं. टपरीवर सगळं कळतं. सांगून झाल्यावर तिनं चहा गाळला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या कोर्टात माह्यासारखी बी जाऊ शकते का वं?" मी म्हणाले, जाऊ शकते. ती अजून गेलेली नाही. मी दर सोमवारी टपरीवर जाते आणि तेच सांगते. ती हसून टाळते. मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाते.

केंद्र चालू आहे. मंजुरी मिळाली. माझ्या जागी नवीन मुलगी आहे, गळ्यात मंगळसूत्र असलेली.

कपाट त्यांच्याकडे राहिलं. फायली मला कोणी देणार नाही. पण गावं माझ्या लक्षात आहेत. बायका लक्षात आहेत. कोण काय बोललं होतं आणि मी त्याचं काय करून टाकलं, हेही आहे. घरी बसून मी यादी काढली. आठवायला त्रास झाला नाही. त्रास विसरायला होत होता.

मागच्या शनिवारी एसटीनं सेलूकडच्या एका गावात गेले. दारात सासू. मी बचत गटाचं सांगायला आले म्हणाले, कारण खरं सांगितलं असतं तर संध्याकाळी त्या बाईला भोगावं लागलं असतं. बाईनं मला पाहिलं आणि आत निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिले. तासाभरानं ती पाणी घेऊन आली. सासू गोठ्याकडे गेली होती.

मी म्हणाले, "तुमी तवा मले सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाई. चूक माही होती. आता सांगाल तं तुमच्याच शब्दात लिहीन. नाई सांगाल तं नका सांगू."

तिनं घराकडे पाहिलं. मग गोठ्याकडे. ग्लास माझ्या हातातून काढून घेतला.

"इथे नका येऊ आता," ती म्हणाली. "मंगळवारी बाजारात येजा. भाजीच्या ओळीत."

मंगळवारी मी जाणार आहे. ती आली नाही तर पुढच्या मंगळवारी. तिच्यानंतर यादीतलं दुसरं गाव, मग तिसरं. कोणी दार लावून घेईल. कोणी शिव्या देईल, त्या माझ्याच आहेत. कोणी म्हणेल आता बरं चाललंय, आणि ते खरं असेल तर मी उठून येईन. पण ते खरं आहे का, हे मी तिला विचारल्याशिवाय येणार नाही. या बायकांना मी परत पाठवलं आहे, माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात. त्यांच्यातली जी निघायचं म्हणेल, तिच्यासोबत मी ठाण्यापर्यंत, कोर्टापर्यंत जाईन. कोणी मनगट धरलं तरी आता मी बाजूला होणार नाही.